कुलूप सुंदर आहे

त्या वर्षी एका इयत्तेतल्या बेचाळीसच्या बेचाळीस मुलींनी माझा अपमान केला, आणि तोही लेखी. सहामाहीच्या पेपरात मी एक साधा प्रश्न घातला होता. आमच्या पुस्तकात अडीचशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज छापलेला आहे. रशीदच्या, म्हणजे आमच्याच गावच्या, कोळ्यांनी तेव्हाच्या सुभेदाराला तो केला होता. त्यावरून लोकांच्या स्थितीचं वर्णन करा, एवढंच विचारलं होतं. अर्जाची सुरुवात अशी आहे: "धन्याच्या उंबरठ्याची धूळ अंजन म्हणून डोळ्यांत घालणारे आम्ही पामर सेवक, पायांशी मस्तक ठेवून विज्ञापना करितो की..." एक्केचाळीस मुलींनी लिहिलं, की लोक गुलाम होते आणि त्यांना कणा नव्हता. बेचाळिसावीनं लिहिलं, की लोक डोळ्यांत धूळ घालत असल्यामुळे त्या काळी नेत्ररोग फार होते. तिला मी अर्धा गुण वाढवून दिला. निदान ती वाक्यासमोर दोन मिनिटं थांबली तरी होती.

मी वजदी अब्दुल मौला. मुलींच्या सरकारी शाळेत सव्वीस वर्षं इतिहास शिकवतो. या विषयाला गावात काय किंमत आहे ते मला माहीत आहे. परीक्षा संपली की मुली इतिहासाच्या वह्या नाक्यावरच्या तामियावाल्याला रद्दीत देतात. मी दिलेली टिपणं मी स्वतः गरम तामियाच्या वड्यांभोवती गुंडाळलेली पाहिली आहेत, आणि तेलानं अक्षर छान उठून दिसत होतं हेही मोकळेपणानं मान्य करतो. पण आपल्या आजे-पणज्यांना कणा नव्हता, हे वाक्य एक्केचाळीस वेळा लाल पेनानं तपासताना मला राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तोच अर्ज पुन्हा काढला.

"वरचं सगळं सोडा," मी म्हणालो. "ते अर्जाचे कपडे आहेत. मधे काय लिहिलंय ते वाचा."

रबाब नावाची एक मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. कोळ्याची पोर, बोलायला कमी. तिनं उठून वाचलं. गावाचा नदीकडचा दरवाजा सुभेदारानं दिवसभर बंद ठेवायला लावला होता आणि मासळी बाहेर सडत होती. कोळी म्हणतात: "आमची तक्रार काहीएक नाही. चिंता इतकीच, की सडल्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर राजधानीपर्यंत जाईल, आणि तिथले अडाणी लोक म्हणतील की हा वास धन्याच्या कारभाराचा आहे. असले बोल कानी पडण्याआधी आम्हांस मरण यावे."

रबाब खाली बसली नाही. ती ते वाक्य पुन्हा मनाशी वाचत होती.

"उस्ताद," ती म्हणाली, "हे तर त्याला धमकी देताहेत."

"कुठे? इथे तर मरण मागताहेत."

"मरण स्वतःसाठी मागताहेत आणि भीती त्याला घालताहेत."

सव्वीस वर्षांत इतकं बरोबर उत्तर मला मिळालं नव्हतं. आता, अशा क्षणी शहाणा शिक्षक "शाब्बास" म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मी गृहपाठ दिला. प्रत्येकीनं आपल्या एका खऱ्या अडचणीवर याच थाटात अर्ज लिहून आणायचा.

बहुतेकींनी कँटीनवर लिहिलं. रबाबनं ग्रंथालयावर लिहिलं. आमच्या शाळेत ग्रंथालय आहे. त्याला चार वर्षं कुलूप आहे. ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या, आणि जो किल्ली घेईल त्याला आतल्या प्रत्येक पुस्तकाची जबाबदारी सही करून घ्यावी लागते. आत नेमकी किती पुस्तकं उरलीत हे आत गेल्याशिवाय कळत नाही, आणि सही केल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणून किल्ली मुख्याध्यापिकांच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात आहे आणि पाकिटावर लाख आहे.

रबाबनं जिल्ह्याच्या शिक्षण संचालकांना उद्देशून लिहिलं होतं. पहिल्या परिच्छेदात संचालक म्हणजे नदीच्या मुखापासून वाळवंटापर्यंत प्रकाश देणारा सूर्य. दुसऱ्यात त्यांच्या बुटांच्या आवाजानं अज्ञान पळून जातं. आणि तिसऱ्यात: "ग्रंथालयाच्या कुलपाबद्दल आमची तक्रार काहीएक नाही. कुलूप सुंदर आहे. चार वर्षं रोज पाहून आम्हांस त्याचा लळा लागला आहे. चिंता इतकीच, की आतल्या उंदरांनी एव्हाना आमच्याहून अधिक ग्रंथ पचवले असतील. उद्या ते परीक्षेस बसले आणि पहिले आले, तर अडाणी लोक म्हणतील की साहेबांच्या जिल्ह्यात शिक्षण फक्त उंदरांना मिळते. असे ऐकण्याआधी आमचे कान बहिरे व्हावे."

मी तो कागद घरी आणला आणि बायकोला वाचून दाखवला. मग शेजारच्या हाज बस्यूनींनाही दाखवला, आणि इथेच चूक झाली. बस्यूनी कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. चहा घेत त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"मजकूर बरा आहे," ते म्हणाले. "पण हा अर्ज नाही."

"का?"

"तिकीट कुठाय? तिकीट नाही, तारीख नाही, खाली पूर्ण नाव नाही. याला आम्ही चिठ्ठी म्हणायचो. मुलींना शिकवायचं तर नीट शिकवा, उस्ताद. अर्धवट शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं."

शिक्षकाला ते 'अर्धवट' लागतं. बस्यूनी आत गेले आणि एका जुन्या डब्यातून सरकारी तिकीट घेऊन आले. त्यांनी ते जिभेनं ओलं केलं आणि स्वतःच्या हातानं चिकटवलं. तारीख कुठे, नाव कुठे, 'सादर' हा शब्द कुठे, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी रबाबनं सुंदर अक्षरात सगळं भरलं. मी कागद कचेरीतल्या फिक्रींच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "याची एक प्रत काढून ठेवा, भिंतीवर लावायचीय." फिक्री फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली.

त्यांनी प्रत काढली. ती भिंतीवर लागलीही. मूळ कागदाला त्यांनी जावक क्रमांक दिला, शिक्का मारला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, दमनहूरला, संचालकांच्या कचेरीत पाठवून दिला.

"तुम्ही वाचलंत तरी का?" मी नंतर विचारलं.

"मी तिकीट बघतो," फिक्री शांतपणे म्हणाले. "मजकूर बघणं माझ्या कामात येत नाही. एकतीस वर्षांत कधी बघितला नाही, आणि एकतीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही."

पहिले दहा दिवस मात्र फार चांगले गेले. संचालकांच्या कचेरीतून मुख्याध्यापिका मॅडम इन्शिराह यांना फोन आला, की अर्ज साहेबांना अतिशय आवडला आणि त्यांनी तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला आहे. साहेबांनी सूर्यापर्यंत वाचलं असावं. फार तर बुटांपर्यंत. मॅडमनी बसबूसा, म्हणजे पाकातली रव्याची वडी, मागवली. पहिला तुकडा मला दिला. मी तो घेतला. मला त्या वेळी बोलता आलं असतं, हे मी लपवत नाही. पण तोंडात बसबूसा होती.

मग एके दिवशी संचालकांच्या बाहेरच्या खोलीत एक पाहुणा तासभर ताटकळत बसला. वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं भिंतीवरची फ्रेम शेवटपर्यंत वाचली आणि तो हसला. इतका हसला, की काय झालं ते बघायला साहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी चष्मा लावला आणि तिसरा परिच्छेद पहिल्यांदा वाचला.

चौथ्या दिवशी दोन समन्स आली. एक मला, कायदा विभागाकडून. दुसरं रबाबच्या वडिलांच्या नावे: मुलीसह शाळेत हजर राहून जबाब द्यावा.

रबाबचे वडील शिहाता दुसऱ्यांच्या बोटींवर काम करत. हातात समन्स धरून ते आले आणि शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"उस्ताद, माझ्या घरी सरकारी कागद तीनदा आला," ते म्हणाले. "तिन्ही वेळा काहीतरी घेऊन गेला. तुम्ही पोरीला काय शिकवलंत?"

"वाचायला शिकवलं."

"वाचायला शिकवलं असतं तर बरं होतं. तुम्ही लिहायला शिकवलंत."

रबाबचा जबाब मॅडमच्या खोलीत झाला. हे मनापासून लिहिलंस का, असं तिला विचारलं. पहिले दोन परिच्छेद नाही, तिसरा हो, असं तिनं सांगितलं. शिहातांनी ते ऐकलं, मुलीचा हात धरला आणि तिला घरी नेलं. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी राहिली.

एवढ्यात आमच्या जिन्यावर सल्ल्यांची रीघ लागली. खालच्या मजल्यावरचा औषधवाला म्हणाला, आजारी पडा, मी कागद करून देतो. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, मोठ्या साहेबाला मासे पाठवा, चांगले, बर्फात घालून. बस्यूनी म्हणाले, तिकीट मी चिकटवलं हे कुठे बोलू नका. मी सगळ्यांचे आभार मानले आणि मासे पाठवले नाहीत. खरं सांगायचं तर तत्त्वापेक्षा भाव आड आला. त्या आठवड्यात बोरी मासळी फार महाग होती.

दमनहूरच्या कचेरीत माझी चौकशी लमई नावाच्या अधिकाऱ्यानं केली. बारीक माणूस, बाही कोपरावर विरलेली. तो प्रश्न बोलायचा, लिहायचा, मग माझं उत्तर लिहायचा.

"प्रश्न. अर्जात म्हटलंय, कुलूप सुंदर आहे. अर्जदाराला कुलूप खरोखर सुंदर वाटतं?"

"नाही."

"म्हणजे सरकारी कागदात खोटं लिहिलं."

"खोटं नाही. उलटं लिहिलं. वाचणाऱ्यानं सुलटं करून घ्यायचं असतं."

लमईनं पेन थांबवलं. "ते मी कुठे लिहू? उलटं असा रकाना नाही." मग त्यानं पान उलटलं. "प्रश्न. उंदीर म्हणजे कोण?"

"उंदीर म्हणजे उंदीर."

"कोणा अधिकाऱ्याकडे रोख?"

"नाही. आवाज येतो त्यांचा. दाराला कान लावला की ऐकू येतो."

"म्हणजे उंदीर अलंकार नाही."

"त्या अख्ख्या अर्जात अलंकार नसलेली तेवढीच गोष्ट आहे," मी म्हणालो.

त्यानं ते सावकाश, शब्द न शब्द लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि आवाज बदलला.

"हे बघा उस्ताद वजदी. मलाही घरी मुली आहेत. हा सगळा पोरखेळ होता, त्याला काही अर्थ नव्हता, एवढं म्हणा. फाईल पाच मिनिटांत बंद होईल. नाहीतर साहेब तुम्हांला वाळवंटातल्या एखाद्या शाळेत पाठवतील, आणि मुलीच्या नावावर शेरा राहील."

मी धाडसी माणूस नाही. मला दमनहूरची मायक्रोबससुद्धा सोसत नाही. वाळवंटातल्या शाळेपर्यंत अशा तीन बदलाव्या लागतात. मी म्हणालो, "लिहा."

त्यानं लिहिलं: उत्तर. सदर मजकुराला काही अर्थ नाही. कागद माझ्याकडे वळवला. मी सहीसाठी पेन टेकवलं, आणि शिक्षकाच्या खोडीप्रमाणे आधी वाक्य वाचलं. सदर मजकुराला काही अर्थ नाही. एक्केचाळीस उत्तरपत्रिकांत मी ज्या 'कणा नव्हता'वर लाल फुली मारली होती, तेच उत्तर मी आता स्वतःच्या सहीनं देणार होतो. आणि ती मुलगी उभी राहून म्हणाली होती, तिसरा हो.

"हे खोडा," मी म्हणालो.

"चौकशीच्या कागदावर खोडता येत नाही."

"मग काय करता येतं?"

"आणखी एक प्रश्न विचारता येतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "प्रश्न. मजकुराला अर्थ आहे का?"

"उत्तर. आहे."

"काय?"

"ग्रंथालय उघडा."

त्यानं लिहिलं. त्या कागदावर आजही लागोपाठ दोन उत्तरं आहेत, एक नाही म्हणणारं आणि एक आहे म्हणणारं, आणि दोन्हींखाली माझीच सही आहे.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. पहिली ओळ अशी होती: "शिक्षक वजदी अब्दुल मौला यांच्या बेजबाबदार वर्तनाबद्दल त्यांना सक्त समज देण्यात येत आहे." मी तेवढं वाचलं, कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. सव्वीस वर्षांत मला समज मिळाली नव्हती. आठ दिवस मी तो कागद छातीशी घेऊन फिरलो. जेवताना उसासे टाकले. बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी माझं ताट स्वयंपाकघरात मांडलं. "तिथे उसासे टाका," ती म्हणाली, "मला टीव्हीचं ऐकू येत नाही."

नवव्या दिवशी मला एक गोष्ट सुचली. दोष माझ्यावर आला होता, मुलीवर नाही. हे शिहातांना दाखवलं तर ते तिला परत पाठवतील. मी नदीवर गेलो. शिहाता काठावर एका बोटीपाशी जाळं विणत बसले होते, आणि रबाब सुईत दोरा ओवून देत होती.

"शिक्षा मला झाली," मी कागद पुढे करत म्हणालो. माझ्या आवाजात थोडी ऐट होती, हे कबूल करतो. "तुमच्या मुलीला काही झालेलं नाही."

शिहातांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद मुलीकडे दिला. "वाच."

तिनं पहिली ओळ वाचली. मग माझ्याकडे न बघता ती खाली सरकली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "विद्यार्थिनीचे वय पाहता तिच्याविरुद्ध काही कारवाई करण्याचे कारण नाही. चौकशीत असे आढळले, की सदर खोलीत उंदीर असणे ही वस्तुस्थिती असून अलंकार नाही. सबब सरकारी मालमत्तेच्या रक्षणार्थ सदर खोली पंधरा दिवसांचे आत उघडण्यात यावी, आणि समज मिळालेल्या शिक्षकावरच किल्लीची जबाबदारी टाकण्यात यावी."

तिनं कागद खाली केला. "उस्ताद," ती म्हणाली, "तुम्ही वरचंच वाचलंत?"

मी पाण्याकडे बघितलं. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"हे कोणी लिहिलंय?" शिहातांनी विचारलं.

"लमई नावाचे साहेब आहेत," मी म्हणालो.

"माणूस बरा दिसतो. मग सरळ का नाही लिहिलं, की खोली उघडा म्हणून? आधी तुम्हांला शिव्या कशाला?"

"नाहीतर वरच्या साहेबांनी सही केली नसती, बाबा," रबाब म्हणाली. "शिव्या त्यांच्यासाठी आहेत. खालचं आपल्यासाठी आहे."

शिहातांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "उद्यापासून जा."

खोली पंधरा नाही, बावीस दिवसांनी उघडली, कारण लाखेचं पाकीट फोडायला समिती लागते. पाचशे चौऱ्याहत्तर पुस्तकं निघाली. उंदरांनी कायद्याचे ग्रंथ सबंध संपवले होते आणि व्याकरणाला तोंड लावलं नव्हतं. मी सगळ्यांची जबाबदारी सही करून घेतली, कुरतडलेल्यांसकट.

एका दुपारी शिहाता ग्रंथालयात आले. त्यांनी चपला दारातच काढल्या. त्यांची स्वतःची एक बोट होती, परवान्याविना दोन वर्षं काठावर पडलेली. त्यासाठी अर्ज लिहायचा होता. रबाब समोर बसली. तिनं कोरा कागद घेतला आणि सुरुवात वाचून दाखवली: "समुद्राचे रक्षक, लाटांना शिस्त लावणारे..."

"हे कोण?" शिहातांनी विचारलं.

"परवाना कचेरीतले साहेब."

"तो? तो लाटेला भिऊन काठावर येत नाही." त्यांनी मान हलवली. "हे मी म्हणणार नाही."

"तसंच लिहायचं असतं, बाबा. हे नुसते कपडे असतात."

"असतील. मला होणार नाहीत."

रबाबनं माझ्याकडे पाहिलं. मी सल्ला द्यायला तोंड उघडलं होतं, तिकिटापासून 'सादर'पर्यंत सगळा सल्ला तयार होता. पण शिहाता मुलीकडे बघत होते, माझ्याकडे नव्हते. मी कपाटाकडे वळून पुस्तकं पुसायला लागलो.

"मग काय लिहू?" तिनं विचारलं.

त्यांनी सांगितलं आणि तिनं लिहिलं. चार ओळी झाल्या. त्या अर्जाला चार महिन्यांनी उत्तर आलं, की सोबत दोन फोटो जोडावेत. फोटो जोडले, आणि त्यानंतर दीड महिन्यानं परवाना मिळाला. पण त्या दुपारी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

"वाच," शिहाता म्हणाले.

तिनं वाचलं. "माझं नाव शिहाता. बोट माझी आहे, मी स्वतः बांधली. दोन वर्षं ती पाण्याबाहेर आहे आणि पाण्याबाहेर लाकूड फाटतं. परवाना द्या, किंवा का देत नाही ते सांगा."

शिहाता गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते.

"हे मीच बोललो?"

"हो, बाबा."

"पुन्हा वाच," ते म्हणाले, आणि तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.